बिनपावतीचं गाणं

वजनमापं तपासणाऱ्या माणसाशी सहसा कुणी मैत्री करत नाही, आणि केलीच तर ती का केली असेल याचा त्या माणसालाच आधी संशय येतो. त्यामुळे ओळखी उदंड आणि मित्र जवळजवळ शून्य, असा दांडीसाहेबांच्या आयुष्याचा जमाखर्च होता. दांडीसाहेब हे नाव बाजाराने ठेवलेलं. तराजूची दांडी करंगळीने हळूच दाबून गिऱ्हाइकाला नागवणाऱ्यांचा त्यांनी एके काळी असा पिच्छा पुरवला होता की, पुढे काटे विजेवर चालायला लागले, दांड्या भंगारात गेल्या, तरी साहेबांच्या नावातली दांडी काही हलली नाही.

त्यांचा बाणा एकच. दुकानदाराकडून काही घ्यायचं नाही. असा बाणा तसा पुष्कळांचा असतो, पण पुष्कळांच्या बाण्याला चहा चालतो. साहेबांच्या बाण्याला खुर्चीसुद्धा चालत नसे. तपासणी उभ्याने. एकदा भर पावसात एक कापडवाला छत्री धरून त्यांना रस्त्यापर्यंत पोचवायला निघाला, तर साहेब छत्रीच्या बाहेरून, तिच्या बरोबरीने, भिजत चालले. कापडवाला भिडस्त. त्याला छत्री स्वतःच्या डोक्यावरही घेता येईना आणि मिटताही येईना. दोघांच्या मधून एक कोरडी जागा ऐटीत चालली होती, असं पाहणारे अजून सांगतात.

अशा माणसाला एका खिळेवाल्याच्या दुकानात गाणं ऐकू आलं, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

खिळेवाला म्हणजे खिळे, स्क्रू, बिजागऱ्या, कड्याकोयंडे वजनावर विकणारा. पन्नाशी ओलांडलेला, गोलसर, आणि आपल्याच दुकानात पाहुणा आल्यासारखा स्टुलाच्या कडेवर बसणारा. साहेब वार्षिक तपासणीला गेले होते. काट्यावर प्रमाणित वजन ठेवणार, तोच मागे कुणीतरी पत्र्यावर खिळ्यांचं पोतं ओतलं असं त्यांना वाटलं. त्यांनी वळून पाहिलं. पोतं जागच्या जागी होतं. खिळे मात्र पडतच होते, आणि तालात पडत होते. मग त्या खिळ्यांच्या मधून एक व्हायोलिन वाट काढत आलं, गर्दीतून ओळखीचं माणूस यावं तसं, आणि साहेबांच्या हातातलं वजन हातातच राहिलं.

काय लावलंय हे, असं त्यांनी विचारल्यावर खिळेवाल्याचा चेहरा पडला. दुकानात गाणं लावायलाही परवाना लागतो की काय, या भीतीने त्याने फोन बंद करायला हात पुढे केला.

"राहू द्या," साहेब म्हणाले. "तपासणीला बाध येत नाही."

बाध आलाच. एरवी चुटकीसरशी उरकणारी तपासणी गाणं संपेपर्यंत चालली. साहेबांनी सगळी वजनं ठेवून पाहिली, उलट्या क्रमाने ठेवून पाहिली, काट्याच्या चारी कोपऱ्यांवर ठेवून पाहिली. दुकानाचं दार तेवढं तोलायचं राहिलं. खिळेवाला घाम पुसत होता. तीसेक वर्षांच्या नोकरीत इतका निर्दोष ठरलेला काटा दुसरा नसेल.

गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या, कुणीतरी शीळ घातली, आणि साहेबांना कळलं की हे कुठल्या स्टुडिओतलं नव्हे, जिवंत माणसांसमोर वाजवलेलं आहे. खिळेवाल्याला तोवर धीर आला होता. त्याने सांगितलं की परदेशी लेकीकडे गेलो असताना जावयाने तिकिटं काढली म्हणून नाइलाजाने एका शाळेच्या सभागृहात जाऊन बसलो. ब्लूग्रास म्हणतात याला. मूळचं तिकडच्या डोंगराळ मुलखातलं जुनं संगीत, पण ही वाजवणारी आताची पोरं. चौघे पुरुष आणि व्हायोलिनवाली एक बाई. ढोल नाही, ताशा नाही. पाचही जण एकाच माइकभोवती उभे. ज्याची पाळी तो पुढे सरकतो, बाकीचे खांदे चोरून मागे होतात, पुन्हा दुसरा पुढे. एकमेकांच्या पायावर पाय पडत नाही.

"आणि ते धप्प धप्प येतं ना साहेब, ते माणसाएवढं उभं वाद्य आहे. फोन माझ्या खिशात होता, तर मला आधी वाटलं माझंच काळीज आलंय रेकॉर्डिंगमध्ये."

मग त्याने मधली एक जागा पुन्हा लावून दाखवली. ऐन रंगात मेंडोलिनची तार तुटते. तुटल्याचा टणत्कार स्पष्ट ऐकू येतो. पण थांबत कुणीच नाही. व्हायोलिनवाली ती सुटलेली जागा उचलते आणि तार बदलून होईपर्यंत गाण्याला घराभोवती फिरवून आणते, कडेवरच्या पोराला आई येईपर्यंत फिरवावं तसं. शेवटी मेंडोलिनवाला परत येतो, पहिलाच सूर थोडा तिरपा लावतो, सगळे हसतात आणि गाणं दुप्पट वेगाने घराकडे धावत सुटतं.

"फोन पुढे करा, साहेब. आत्ता पाठवतो."

साहेबांचा हात खिशापर्यंत गेला. मग बाणा जागा झाला. ते नको म्हणाले, प्रमाणपत्रावर सही केली आणि बाहेर पडले. भिजत चालण्यासाठी त्या दिवशी पाऊसही नव्हता.

ज्याचे पैसे मोजता येतात ते घ्यायला बाण्याची हरकत नव्हती. साहेबांनी त्या वाद्यवृंदाची तबकडी रीतसर मागवली. त्यांची पत्नी दातांच्या दवाखान्यात रोग्यांना वेळा देण्याचं काम करायची. दिवसभर माणसांचे विव्हळणारे आवाज ऐकून आल्यावर घरी हे काय नवीन, म्हणून तीही शेजारी बसली. गाणं सुरू झालं. स्वच्छ, सुरेख, इस्त्री केलेलं. आणि जिथे खऱ्या अर्थाने सुरू व्हायचं तिथेच संपलं.

साहेबांनी पुन्हा लावलं. पुन्हा तेवढंच. टाळ्या नाहीत, शीळ नाही, हसणं नाही. व्हायोलिन सरळ रस्त्याने येऊन सरळ रस्त्याने निघून गेलेलं. सगळं मिळून निम्मंसुद्धा भरेना.

"हे माप कमी आहे," साहेब म्हणाले.

"अहो, गाणं आहे ते. त्याच्या पारड्याला खालून मेण लावता येत नाही."

साहेबांना ते पटलं नाही. एकाच नावाचा माल एका ठिकाणी भरघोस आणि दुसऱ्या ठिकाणी, तोही पैसे घेऊन, निम्मा. याला त्यांच्या खात्यात एकच शब्द होता. त्यांनी मेव्हण्यांना बोलावलं. मेव्हणे बँकेतून निवृत्त झालेले आणि तेव्हापासून सल्ल्याचा व्यवसाय करणारे, तोही बिनव्याजी. ते म्हणाले, भाऊजी, सोडू नका, तक्रार करा, माझा मसुदा तयार समजा. तळमजल्यावरच्या गायनबाई वर कसलासा आवाज आला म्हणून आल्या होत्या. त्यांनी कपाळाला हात लावला. अहो, मैफलीत कुणी तेच ते वाजवत नसतं, दर वेळी तसंच वाजवलं तर लोक पुन्हा कशाला येतील, असं त्यांनी समजावून पाहिलं.

"बाई, दर वेळी तेवढंच मिळतं म्हणूनच तर लोक पुन्हा येतात," साहेब म्हणाले. आपण एका किलोबद्दल बोलतोय आणि बाई दुसऱ्याच कशाबद्दल, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

पत्र गेलं. मेव्हण्यांनी त्यात 'उपरोक्त' आणि 'सबब' इतक्या सढळ हाताने घातले होते की भाषांतर करून देणाऱ्याने जादा आकार मागितला. मागणी अशी होती की तुटीचा उर्वरित भाग विनाविलंब पोचता करावा.

उत्तर येईल असं घरात कुणालाही वाटलं नव्हतं. ते आलं. ज्याचं वाद्य माणसाएवढं, तोच या वाद्यवृंदाचा पत्रव्यवहारही बघत असावा. त्याने लिहिलं होतं की, आमच्या आयुष्यात आलेली ही सर्वांत न्याय्य तक्रार आहे आणि आम्ही ती तालमीच्या खोलीत भिंतीवर लावली आहे. तबकडीत आहे ते गाणं आम्हांला त्या वेळी जेवढं कळलं होतं तेवढं. नंतर ते रंगमंचावर वाढत गेलं, अजून वाढतंय, आणि कुठवर जाईल ते आम्हांलाही ठाऊक नाही. आमचे कार्यक्रम ऐकणारे लोकच रेकॉर्ड करतात, एकमेकांना देतात. आमची अट एकच, त्यासाठी कुणी पैसे घ्यायचे नाहीत आणि द्यायचे नाहीत. तुम्हीही ऐका. पण तार तुटली त्या शाळेतल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आमच्याकडेही नाही, आमचं यंत्र नेमकं बंद होतं. तुम्हांला मिळालं तर आम्हांलाही द्या.

साहेबांनी पत्र तीनदा वाचलं. तक्रार मान्य करून वर आभार मानणारा व्यापारी त्यांनी उभ्या हयातीत पाहिला नव्हता.

मग ते ऐकत सुटले. पत्नीने त्यांना इंटरनेटवरची जागा शोधून दिली, आणि तिथे अनोळखी लोकांनी ठेवलेले कार्यक्रमच कार्यक्रम होते. कुठे गोदामात, कुठे मैदानात, कुठे पावसाने श्रोते पळाल्यावर उरलेल्या चार टाळक्यांसमोर. संध्याकाळी पत्नी कामावरून आली की दोघं बसायची. तेच गाणं एका गावी बॅन्जोने अडवून धरलेलं, दुसऱ्या गावी गिटारने हळूच सोडवलेलं. साहेब आधी फरक टिपून ठेवत. कुठे किती जास्त, कुठे काय कमी. हळूहळू त्यांनी टिपणं सोडून दिलं, कारण कमी असं काही सापडेना. एका गावी व्हायोलिनवालीचा घसा बसला होता, तर तिच्या वाटणीच्या ओळी समोरच्या लोकांनी म्हटल्या. पाच माणसं, जुनी लाकडी वाद्यं, पाठ झालेली गाणी, आणि तरी रोज कोऱ्या पाटीने उभी राहणारी. एकाने चूक केली तर दुसरा तिला बरोबर ठरवतो. साहेबांनी आयुष्यभर चुका पकडल्या होत्या. चूक उचलून कडेवर घेणारी माणसं ते पहिल्यांदा ऐकत होते.

पण ती तार तुटल्याची जागा कुठेच नव्हती. ती एकाच ठिकाणी होती, खिळेवाल्याच्या फोनमध्ये. आणि त्या फोनचा पडदा मधूनमधून आपोआप काळा पडायला लागला होता.

आता नियम पाहा. वाद्यवृंदाचा नियम असा की ते पैसे देऊन घ्यायचं नाही. खात्याचा नियम असा की व्यापाऱ्याकडून काहीही फुकट घ्यायचं नाही. खिळेवाला म्हणाला, मी परस्पर त्या पोरांना पाठवतो, तुम्ही त्यांच्याकडून घ्या. तर साहेबांच्या सांगण्यावरून व्यापाऱ्याने केलेलं कामही खात्याच्या लेखी सेवा ठरत होतं. साहेबांनी सगळी कलमं पडताळली. कुठे फटच नव्हती. मग उरला एकच मार्ग, गिऱ्हाईक म्हणून दुकानात जायचं, रोख देऊन माल घ्यायचा, पावती घ्यायची, आणि माल तोलून होईपर्यंत कानावर पडेल ते पडू द्यायचं.

घरात खिळे यायला लागले. आधी बारीक, मग मोठे, मग बिजागऱ्या. बिजागऱ्या सावकाश तोलल्या जात, म्हणून साहेबांची पसंती त्यांना. पत्नीने एके दिवशी सगळ्या बरण्यांची झाकणं उघडून पाहिली आणि शांतपणे विचारलं की आता ह्यांना लावायला दारं कधी आणताय.

बाजाराला गाण्यात रस नसतो, पण येण्याजाण्याचा हिशेब तो चोख ठेवतो. खुर्चीवर न बसणारा साहेब खिळेवाल्याकडे सारखा जातो, उभा राहतो, डोळे मिटतो आणि पुडी घेऊन बाहेर येतो. पुडीत काय असतं, हे बाजाराने आपापल्या कुवतीप्रमाणे ठरवलं. मग खात्याकडे एक निनावी अर्ज आला.

खात्याच्या मुख्य अधिकारी बाई तुटक बोलणाऱ्या, पण न्यायी. त्यांनी साहेबांना बोलावून विचारलं की त्या दुकानात तुम्हांला मिळतं काय. साहेब खोटं बोलू शकत नव्हते, त्याचा सरावच नव्हता. गाणं, असं ते म्हणाले. बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग भेटवस्तूंच्या जाहीरनाम्याचा नमुना पुढे सरकवला. साहेबांनी तिथेच बसून तो भरला. वस्तूचे नाव, गाणे. स्वरूप, ऐकलेले. वस्तू सध्या कुठे आहे, या रकान्यापाशी ते बराच वेळ थांबले, आणि अखेर त्यांनी 'डोक्यात' असं लिहिलं.

"हे मी वर पाठवू?" बाईंनी विचारलं.

"खरं आहे ते."

"म्हणूनच विचारतेय." बाईंनी कागद खणात ठेवला. "उद्या माझ्यासमोर त्या दुकानाची फेरतपासणी करा. काटा बरोबर निघाला, तर हा अर्ज मी फाडून टाकते."

काटा बरोबर निघाला नाही.

मधल्या काळात त्यावर बिजागऱ्यांची एक पेटी आदळली होती, हे नंतर कळलं. प्रमाणित वजन ठेवलं तर आकडा कमी येत होता. म्हणजे गिऱ्हाइकाला एक किलो सांगून किलोच्या वर माल जात होता. तोटा सगळा खिळेवाल्याचा.

"साहेब, लोकांना जास्तच जात होतं हो," तो म्हणाला. "मी कुणाचं काय खाल्लं?"

साहेबांना घाम फुटला, पण तो त्याच्यासाठी नव्हे. त्यांच्या डोळ्यांसमोर घरातल्या बरण्या उभ्या राहिल्या. प्रत्येक पुडीत थोडं जास्त. ज्या माणसाने छत्रीखालची कोरडी जागा नाकारली, तो माणूस इतके दिवस व्यापाऱ्याचा माल फुकट घरी नेत होता, तोही पावतीसकट.

नियमाला जास्त आणि कमी सारखंच. चुकीचं ते चुकीचं. बाई शेजारी उभ्या राहून पाहत होत्या. साहेबांनी काट्याला तार बांधली, लाख लावली, बंदीचा शिक्का दाबला आणि दुकानाबाहेर नोटीस चिकटवली. खिळेवाल्याने हळूच फोन बंद केला आणि स्टुलावर, या खेपेला कडेला नव्हे, मधोमध बसला. साहेबांनी भीड धरली नाही हे पाहून बाईंनी रस्त्यातच निनावी अर्ज फाडला. साहेबांचं नाव धुऊन निघालं, आणि इतकं वाईट त्यांना कधी वाटलं नव्हतं.

घरी त्यांनी सगळा माल स्वयंपाकघरातल्या काट्यावर पुन्हा तोलला, पावत्यांशी ताडून पाहिला आणि जास्तीचं काढून एका पिशवीत भरलं. पत्नी टोमणा मारणार होती, पण चेहरा पाहून थांबली. बिचारा रिकामा बसला असेल, एवढंच म्हणाली. काटाच नाही, तर व्यापारी तरी कसला आता तो.

साहेबांच्या हातातली बिजागरी खाली पडली. व्यापारी म्हणजे ज्याच्यापाशी खात्याने शिक्का मारलेला चालू काटा आहे असा इसम. नियमपुस्तकाच्या पहिल्याच पानावरची व्याख्या. त्यांनी खात्याच्या मुख्य बाईंना फोन लावला. घरी फोन करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ, म्हणून बाई आधी घाबरल्या. मग त्यांनी प्रश्न ऐकून घेतला.

"नियम तसंच म्हणतो," त्या म्हणाल्या. "शिक्का पुन्हा बसेपर्यंत तो साधा नागरिक. पण तो देईल का, हे नियमात नाही."

काटे दुरुस्त करणाऱ्या कारागिराला आज ये म्हटलं की तो पुढच्या आठवड्यात उगवायचा, यावरून साहेबांनी त्याला वर्षानुवर्षं झाडलं होतं. सकाळी पिशवी घेऊन साहेब पोचले, तर कारागीर दुकानात हजर, पेचकस काढून तयार. तोही सुधारला होता, नेमका आजच. साहेबांनी त्याला घाई करू नकोस, काम नीट कर, असं सांगितलं. कारागीर त्यांच्याकडे पाहतच राहिला.

खिळेवाल्याने वर पाहिलं नाही. साहेबांनी पिशवी पुढे ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. जास्तीचे आहेत, परत घ्या.

"घेऊ कसे?" तो म्हणाला. "तोलून घ्यायचे तर काटा तुम्ही बांधून ठेवलाय."

साहेब पिशवीपाशी उभे राहिले. बाजारातली माणसं जाता जाता नोटीस वाचत होती आणि मग आत पाहत होती. खिळेवाला म्हणाला की इतकी वर्षं इथे बसतोय, बापाने बसवलं तेव्हापासून, पण दारावर कागद पहिल्यांदा लागला. खोट्या मापाचा म्हणतात मला आता.

"मी सांगेन सगळ्यांना," साहेब म्हणाले. "दुकानागणिक जाऊन सांगेन की माप जास्त होतं."

"ते तुम्ही सांगणारच. नियम असेल तसा."

"नियम नाही तसा."

खिळेवाल्याने आता वर पाहिलं. व्याख्या, कलम, साधा नागरिक हे सगळं साहेबांनी वाटेत घोकून आणलेलं, पण ऐन वेळी त्यातलं काहीच तोंडाशी आलं नाही.

"मला ते गाणं हवंय," ते म्हणाले. "द्याल का?"

कारागिराचा पेचकस थांबला. खिळेवाल्याने स्टुलावरून उठून स्टूल साहेबांकडे सरकवलं आणि स्वतः खिळ्यांच्या खोक्यावर बसला.

"बसा आधी. उभ्याने मागणाऱ्याला मी देत नाही."

साहेब बसले. खिळेवाल्याने फोन काढला. पडदा दोनदा काळा पडला, दोनदा परत आला. साहेबांच्या खिशात टिंग असा आवाज झाला. त्यांनी सवयीने पेन काढलं, टोपण उघडलं आणि इकडेतिकडे पाहिलं.

"सही कुठे करू?"

"कुठेच नाही, साहेब."

उघडं पेन साहेबांच्या हातातच राहिलं. तेवढ्यात खिळेवाल्याने गाणं लावलं, आणि पत्र्यावर खिळे पडायला लागले.